डेबियन १२ वर झेडएफएस-डीकेएमएस: वर्षभर वापरल्यावर

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या छपाईच्या दुकानात पत्रिका, स्मरणिकांच्या फायली ठेवायला एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालतो. त्यावर डेबियन १२ हे लिनक्स. दोन डिस्क मिररमध्ये (एकीवरचं सगळं दुसरीवरही), त्यावर झेडएफएस ही फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था. फाइलसिस्टीमबद्दल तक्रार नाही. स्नॅपशॉटनी (फायलींची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) दोनदा तरी लाज राखली, महिन्याचा स्क्रब (सगळा डेटा वाचून केलेली तपासणी) आपला आपण होतो. बोलायचंय ते तिच्या मॉड्यूलबद्दल, म्हणजे कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जोडल्या जाणाऱ्या तुकड्याबद्दल.

झेडएफएसचा परवाना सीडीडीएल, कर्नलचा जीपीएल. दोघांचं जमत नाही, म्हणून मॉड्यूल कर्नलबरोबर येत नाही. डीकेएमएस हे साधन प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते आपल्याच मशीनवर कंपाइल करतं. जुन्या प्रोसेसरवर तेवढ्यात चहा पिऊन होतो.

गोम आहे ती हेडर्समध्ये, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फायलींमध्ये. 'लिनक्स-इमेज-एएमडी६४' हे पॅकेज असलं की अपडेटबरोबर कर्नल पुढे सरकतो. सोबत 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' नसेल, तर त्या कर्नलसाठी मॉड्यूल बनतच नाही. रीबूटनंतर पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क) दिसत नाही. डेटा जागेवर असतो, पण काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना हे कोणाला समजावणार?

आकड्यांचा घोळ वेगळाच. सुट्टीत आलेल्या भाच्याने कर्नलचा मूळ सोर्स उतरवून त्यावर मॉड्यूल बांधायचा घाट घातला. "मामा, दोन्हीकडे ६.१च तर आहे!" नाही रे बाबा. चालू कर्नल सांगणारी 'यूनेम -आर' ही कमांड ६.१.०-१८-एएमडी६४ म्हणते, पण ते डेबियनने दिलेलं नाव. आतला सोर्स ६.१.७६, तोही डेबियनच्या पॅचसकट. तो 'यूनेम -व्ही'मध्ये दिसतो. बाहेरच्या सोर्सवर बांधलेल्या मॉड्यूलची व्हरमॅजिक ओळ (ते कोणत्या कर्नलसाठी बांधलं हे सांगणारी) जुळत नाही आणि कर्नल 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून ते परत करतो. नाव हाताने जुळवलं तरी पुढे सिम्बॉलचे (कर्नलमधल्या फंक्शन वगैरेंच्या नावांचे) सीआरसी, म्हणजे जुळणीचे आकडे, तपासले जातात. ते 'मॉड्यूल.सिमव्हर्स' फाइलमध्ये असतात आणि सोर्सची पूर्वतयारी करणारी 'मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर' नुसती चालवून ती फाइल तयार होत नाही. काही जण मॉड्यूल चढवणाऱ्या 'मॉडप्रोब' कमांडला फोर्स (तपासणी डावलून जबरदस्ती) लावायला सांगतात. दुसऱ्या कशाला लावा हवं तर. ज्यावर आपला डेटा आहे त्या फाइलसिस्टीमला मुळीच नको.

कर्नल किती नवा चालेल यालाही मर्यादा आहेच. डेबियन १२ मधलं झेडएफएस २.१.११ फक्त ६.२ पर्यंतच्या कर्नलसाठी. बॅकपोर्ट्समधून (डेबियन १२ साठी नव्या आवृत्त्या देणारं भांडार) नवा कर्नल घ्यायचा तर हेडर्स आणि झेडएफएसही तिथूनच घ्यावे लागतात. मी त्या वाटेला गेलो नाही, ६.१ वर सुखात आहे.

रूट (मूळ सिस्टीमचा भाग) मात्र एक्स्ट४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टीमवरच ठेवला आहे, झेडएफएसवर फक्त डेटा. मॉड्यूल रुसलं तरी मशीन निदान उठतं आणि ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूतून) जुना कर्नल निवडता येतो. अपडेटनंतर 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नव्या कर्नलसमोर 'इन्स्टॉल्ड' दिसेपर्यंत रीबूट नाही, हा दुकानाचा नियम आहे. रावपुऱ्यातल्या मेहुण्याला एवढं बघत बसायला वेळ नाही, त्याला मी उबुंटू हे दुसरं लिनक्स लावून दिलं. तिथे मॉड्यूल आधीच बांधलेलं येतं.