चालत निघालेला क्वार्टरबॅक की फिली स्पेशल?

अमेरिकन फुटबॉलमध्ये सेंटरने, म्हणजे पुढच्या रांगेतल्या मधल्या खेळाडूने, चेंडू एका सलग, झटपट हालचालीत मागे दिला की स्नॅप झाला, म्हणजेच खेळ सुरू. तो पायांमधूनच द्यावा असं बंधन नाही. २०१० मध्ये टेक्सासमधल्या एका शालेय सामन्यात सेंटरने चेंडू खांद्यावरून क्वार्टरबॅकला, म्हणजे एरवी पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, दिला. क्वार्टरबॅक निवांत चालत निघाला, खेळ सुरूच नाही असं वाटून समोरची मुलं बघत राहिली आणि चेंडू थेट शेवटच्या पट्ट्यात, टचडाउन!

‘फिली स्पेशल’ वेगळी. २०१८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फिया ईगल्सचा स्नॅप थेट कोरी क्लेमेंटकडे गेला. त्याच्याकडून चेंडू ट्रे बर्टनकडे आणि बर्टनचा पास क्वार्टरबॅक निक फोल्सलाच! मला हाच चकवा आवडतो. इथे समोरचा संघ पूर्ण सावध होता. खेळ थांबलाय असं भासवून बेसावध मुलांना फसवणं मात्र खटकतं. ‘चेंडू चुकीचा आहे’ असं ओरडून घेतलेला स्नॅप तर अमेरिकी हायस्कूल नियमांत बेकायदाच.