छोटी गॅस टाकी घ्यायचीय? कंपनीची पाच किलो, घरची दुसरी टाकी, फायबरची, की दुकानात भरून मिळणारी

बेळगावात टिळकवाडीत रूम करून राहणारी पोरं, यल्लम्माच्या जत्रेला स्वयंपाकाचं सामान घेऊन जाणारी घरं, नाक्यावर चहाचा गाडा लावणारे, आणि पोळ्या अर्ध्यावर असताना टाकी संपते म्हणून वैतागलेली घरातली माणसं, सगळ्यांना कधी ना कधी वाटतंच की एक छोटी टाकी असावी जवळ. दुकानात गेलं की पहिला प्रश्न किंमतीचा असतो, पण टाकी एकदाच घ्यायची असते आणि भरायची मात्र दर महिन्या दोन महिन्याला, त्यामुळे मी तर म्हणेन आधी हे ठरवा की मोकळी टाकी तुम्ही कुणाच्या हातात देणार आणि भरलेली कुणाकडून घेणार. ते ठरलं की कुठली घ्यायची हे जवळजवळ ठरलंच.

सगळ्यात स्वस्त दिसते ती भांड्याच्या दुकानातली, वर डायरेक्ट बर्नर बसवलेली दोन-तीन किलोची. हलकी असते, एका हातात धरून नेता येते, कागदपत्र काय लागत नाही आणि संपली की गल्लीतला कोणीतरी किलोच्या भावानं भरून देतो. मोह पडण्यासारखंच आहे सगळं. पण तो भरून देणारा गॅस आणतो कुठून तर कुणाच्या तरी १४.२ किलोच्या घरगुती टाकीतून, नळी लावून, आणि हे सरळ बेकायदा आहे, एलपीजी पुरवठा आदेश २००० आणि जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली कारवाई होते. कायद्याचं सोडा एकवेळ, पण कंपनीच्या प्लांटमध्ये टाकी कधीच गच्च भरत नाहीत, वर मोकळी जागा ठेवतात, कारण आतला गॅस लिक्विड असतो आणि ऊन लागलं की लिक्विड फुगतं. गल्लीत भरणाऱ्याला किती भरलं हे नक्की कळतच नाही, त्याचा अंदाज आणि आपलं नशीब. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेली गच्च भरलेली टाकी, तिच्यावर आयएसआयचा शिक्का नाही, टेस्टची तारीख नाही, आणि व्हॉल्व्हवर बर्नर फिट केलेला म्हणजे आच लागायची ती थेट टाकीच्या डोक्याला. हिला माझ्याकडून नाही, मग कितीही स्वस्त असू दे. स्वस्त पण ती पहिल्या दिवशीच, पुढं प्रत्येक वेळी किलोभर म्हणून नक्की किती आत गेलं ह्याचा हिशोब देणारं कोण नसतं.

अजून एक गोष्ट, जी लोकांना माहीतच नसते. कंपनीच्या अधिकृत कनेक्शनवर अपघात झाला तर ऑईल कंपन्यांचा विमा असतो, मृत्यू झाल्यास माणशी ६ लाखांपर्यंत, शिवाय उपचाराचा खर्च आणि नोंद असलेल्या पत्त्यावरच्या मालमत्तेचं नुकसान २ लाखांपर्यंत. गल्लीत भरलेल्या टाकीवर ह्यातलं काय मिळणार, सांगा बघू.

आता कंपनीची पाच किलोची. इंडेनची छोटू, एचपीची अप्पू, भारतगॅसची मिनी, तिन्ही एकाच जातीच्या. हिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, कुठलंही एक ओळखपत्र दाखवायचं, पैसे द्यायचे, टाकी आपली. एजन्सीत मिळते, काही पेट्रोल पंपांवर आणि किराणा दुकानांत पण ठेवतात. भाड्यानं राहणाऱ्याला, ज्याच्याकडं घरमालक भाडेकरार सुद्धा धड देत नाही, त्याला हीच सोयीची. आणि आपल्या भागाच्या दृष्टीनं हिचा खरा फायदा म्हणजे ही एका एजन्सीला बांधलेली नसते. चंदगडचा पोरगा बेळगावात शिकायला आला, पुढं कोल्हापूरला नाहीतर गोव्यात नोकरीला लागला, तर त्याच कंपनीची टाकी तिथं मोकळी देऊन भरलेली घेता येते, राज्य कुठलं का असेना. निपाणीच्या माणसानं कागलला बदलली तरी चालते. फक्त कंपनी तीच पाहिजे, अप्पू देऊन छोटू मिळत नाही.

वाईट बाजू भावाची. ही घरगुती दरानं मिळत नाही, घरगुती गॅसवर जीएसटी ५ टक्के आणि बिगरघरगुतीवर १८, त्यामुळं किलोमागं महाग पडते ती पडतेच. घेण्याआधी एवढं करा, त्या दिवसाचा मोठ्या टाकीचा दर १४.२ नं भागा, छोटीचा ५ नं भागा आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रूमवर नुसता चहा, मॅगी आणि रात्रीचा भात करणाऱ्याला तो फरक जाणवत नाही. चार माणसांचा रोजचा स्वयंपाक ह्याच्यावर करायचा विचार असेल तर मात्र करू नका, दोन महिन्यात कळेल.

चहाच्या गाड्यावाल्यांना वेगळं सांगतो. घरची लाल टाकी गाड्यावर वापरणं बेकायदा आहे, सगळे करतात म्हणून ते कायदेशीर होत नाही, धंद्याला १९ किलोची घ्या नाहीतर ही पाच किलोची. पण पाच किलोच्या टाकीवर मोठी भट्टी लावू नका. लिक्विडचा गॅस होताना टाकी गार पडते, छोट्या टाकीत लिक्विड कमी त्यामुळं ती लवकर गार पडते, बाहेरून पाणी सुटतं आणि ज्योत बसते. आत गॅस असतो पण बाहेर येत नाही. मग लोक टाकी आडवी करतात, कोण गरम पाणी ओततंय, डिसेंबरच्या पहाटे बेळगावच्या थंडीत तर हे हमखास बघायला मिळतं. आडवी केली की रेग्युलेटरमध्ये गॅसच्या जागी लिक्विड जातं आणि बर्नरवर एकदम भडका उडतो. टाकी उभीच पाहिजे, बर्नर छोटा लावा नाहीतर टाकी मोठी घ्या.

घरात राहणारे, स्वतःच्या नावावर कनेक्शन असलेले, ह्यांनी छोट्या टाकीच्या नादाला लागूच नये असं माझं मत. दुसरी टाकी घ्या, म्हणजे एका कनेक्शनवर डबल सिलेंडर. जून २०२२ पासून १४.२ किलोच्या टाकीचं डिपॉझिट २२०० रुपये झालंय, पण ते डिपॉझिट आहे, कनेक्शन बंद केलं की परत मिळण्याची सोय असते, आणि गॅस घरगुती दरानं. एक संपली की दुसरी लावायची आणि त्याच दिवशी नंबर लावायचा, बस्स. खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीकडं पावसात गाडी वेळेवर येईलच असं नाही, तिकडं तर दुसरी टाकी म्हणजे गरज आहे.

ह्या टाकीचा तोटा एवढाच की ती हलवायची नसते. भरलेली तीस किलोच्या आसपास जाते आणि ती तुमच्या एजन्सीला बांधलेली असते. कनेक्शन गावात चंदगड बाजूला आणि रूम बेळगावात, मग गावाकडची भरलेली टाकी इकडं आणायचा विचार काही जण करतात. बसमध्ये घेत नाहीत, रेल्वेत तर गुन्हाच आहे. कायमचं राहायला येणार असाल तर कनेक्शन ट्रान्सफर करून घ्या, दुसऱ्या राज्यात जाताना टाकी-रेग्युलेटर एजन्सीला जमा करून कागद घ्यायचा आणि इकडं त्या कागदावर नवीन घ्यायचं. काही महिन्यांसाठी असेल तर एवढी कटकट नको, पाच किलोवालीच बरी.

फायबरची म्हणजे कंपोझिट टाकी, ही इंडेननं २०२१ मध्ये आणली, १० किलोची घरगुती आणि ५ किलोची पण. दिसायला भारी, गंज नाही, फरशीवर तो तांबडा गोल डाग पडत नाही, आणि वयस्कर माणसांना उचलायला बरी. खरा गुण म्हणजे उजेडात धरली की आतली लिक्विडची रेघ बाहेरून दिसते, किती शिल्लक आहे ते कळायला बाकी काय करावं लागत नाही. आणली तेव्हा दहा किलोचं डिपॉझिट ३३५० होतं, म्हणजे लोखंडी टाकीपेक्षा जास्त, आणि गॅस चार किलोनं कमी. सगळ्या एजन्सीत ती असतेच असं नाही, म्हणून परत तोच प्रश्न, तुमच्या जवळच्या एजन्सीत बदलून मिळते का? मिळत असेल आणि घरात म्हातारी माणसंच असतील तर मी हीच घेईन.

ते स्प्रेच्या डब्यासारखे छोटे ब्युटेनचे कॅन ऑनलाईन मिळतात, त्याबद्दल दोन शब्द. ट्रेकला, एका रात्रीला ठीक. ते परत भरायचे नसतात. अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक भरायचा ॲडाप्टर मागवतात, तिकडं ग्रिलच्या वीस पौंडी प्रोपेनच्या टाकीतून एक पौंडाची हिरवी बाटली घरी भरतात ते दाखवलेलं असतं. तिकडच्या मोठ्या टाक्यांना जास्त भरायला लागली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असतो, त्या हिरव्या बाटलीला तसलं काय नसतं, आणि आपल्याकडचा गॅस, व्हॉल्व्ह, टाकी सगळंच वेगळं. तो नाद सोडा.

आणि नुसती अडीअडचणीला सोय पाहिजे असेल तर इंडक्शनचा पण विचार करा की. कर्नाटकात गृहज्योतीमध्ये घराच्या सरासरी वापराप्रमाणं २०० युनिटपर्यंत वीज मोफत आहे, तुमचा वापर मर्यादेत असेल तर सकाळचा चहा आणि दूध त्याच्यावर होऊन जातं. सीमेपलीकडं चंदगड-गडहिंग्लजला हा हिशोब लागू नाही. आणि लाईट गेली की संपलं, त्यामुळं पावसाळ्यात गावाकडं नुसत्या इंडक्शनवर राहू नका.

आता टाकीत गॅस किती उरला ते बघायच्या पद्धती, ह्यातही फरक आहे. हलवून बघणे हे सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात निरुपयोगी. ज्योत पिवळी झाली म्हणजे संपत आला हे पण खरं धरू नका, बऱ्याचदा बर्नरची भोकं बुजलेली असतात किंवा हवा कमी मिळते. ओला कपडा टाकीला गुंडाळून काढायचा आणि एक-दोन मिनिटं बघायचं, लिक्विड जिथपर्यंत आहे तिथला भाग उशिरा वाळतो, रेघ दिसते. फुकट आहे, चालतं, पण अंदाजच.

गेज लावलेले रेग्युलेटर मिळतात, काटा हिरव्यात असला की भरपूर आहे असं वाटतं. एलपीजीचा प्रेशर हा गॅस किती आहे त्यावर नाही, टेंपरेचरवर ठरतो, आत थोडं जरी लिक्विड असलं तरी काटा जवळपास तिथंच राहतो आणि अगदी शेवटी धप्पकन पडतो. मात्र लिकेज बघायला तो बरा, शेगडीचे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करायचा, काटा वर आला की परत बंद करायचा, थोड्या वेळात काटा उतरला तर नळीत नाहीतर शेगडीत कुठंतरी गळतंय.

खरी पद्धत वजनाची. टाकीच्या वरच्या पट्टीवर मोकळ्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. समजा १५.६ लिहिलंय आणि काट्यावर १८.९ आलं, तर ३.३ किलो उरला. मध्यम बर्नर पूर्ण आचेवर तासाला साधारण दीडशे ग्रॅम खातो, म्हणजे वीस-बावीस तास चालेल. पाच किलोच्या टाकीला प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा पुरतो. मोठीसाठी बाथरूममधला वजनकाटा चालेल. वजन करताना रेग्युलेटर काढून ठेवा.

भरलेली घेताना पण हेच वजन करून मागा, डिलिव्हरीवाल्यानं काटा सोबत ठेवायचा असतो आणि मागितलं तर तोलून दाखवायचं असतं. सील आणि दोरीची कॅप बघा. त्याच पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात, ती पुढच्या टेस्टची मुदत. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत, आणि आकडा वर्षाचा. सी २७ असेल तर सप्टेंबर २०२७ अखेर. मुदत उलटलेली दिली तर तिथल्या तिथं परत करा, भांडावं लागलं तरी चालेल. कॅप काढून व्हॉल्व्हच्या आतली रबरी वायसर शाबूत आहे का बघून घ्या, नवीन टाकी लावल्यावर वास येतो त्याचं कारण बऱ्याचदा तीच असते. नळीवर तारीख छापलेली असते, केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, बरी दिसत असली तरी.

जोडल्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळतंय. काडी पेटवून बघणारे अजून आहेत, त्यांना काय बोलायचं. गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर, मोरीच्या तोंडाशी साठतो आणि हवेत दोन टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत, जिथं खिडकी वर आणि उंबरा उंच, तिथं टाकी आतल्या खोलीत कोपऱ्यात ठेवू नका, दाराजवळ ठेवा. वास आला तर लाईटचं बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण नाही, रेग्युलेटर बंद, दारं उघडी, माणसं बाहेर, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हा नंबर रात्री पण चालू असतो.