अगाथा रेझिन मालिका: काही महिने वाचल्यानंतर

विनोदी रहस्यकथेत हसवायचं काम बहुतेक वेळा एखाद्या वेंधळ्या मदतनीसाकडे असतं आणि मुख्य गुप्तहेर गंभीरच राहतो. एम. सी. बीटन यांच्या अगाथा रेझिन मालिकेत जिच्यामुळे हसू येतं तीच बाई खुनाचा छडा लावते, आणि ज्या फटकळ, घुसखोर स्वभावाचं हसू येतं त्याच्याच जोरावर लावते. गेले काही महिने मी ही पुस्तकं वाचतेय, आणि अजूनही मला त्यातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

अगाथा पन्नाशी ओलांडलेली आहे. बर्मिंगहॅमच्या गरीब वस्तीत वाढली, लंडनमध्ये स्वतःची पीआर म्हणजे जनसंपर्काची कंपनी उभी केली आणि ती विकून इंग्लंडच्या कॉटस्वोल्ड्स या ग्रामीण भागातल्या कार्सली नावाच्या काल्पनिक खेड्यात राहायला आली. असं टुमदार घर हे तिचं लहानपणापासूनचं स्वप्न. घर मिळतं, पण गावात तिला कुणी विचारत नाही. मग नाव व्हावं म्हणून ती क्वीशच्या, म्हणजे अंडी-चीज घातलेल्या खाऱ्या पायच्या, स्पर्धेत उतरते. स्वयंपाकाची मजल मायक्रोवेव्हपर्यंतच, त्यामुळे लंडनच्या दुकानातून विकत आणलेली क्वीश स्वतःची म्हणून ठेवते. ती खाऊन परीक्षक मरतो. क्वीशमध्ये काउबेन ही विषारी वनस्पती सापडते, बाईंची लबाडी गावभर होते आणि स्वतःवरचा डाग पुसायला त्या तपासाला लागतात. हे पहिलं पुस्तक 1992 चं.

तिची तपासाची पद्धत मला फार पटते. पत्रकारांना गोंजारून, दटावून, प्रसंगी सरळ खोटं बोलून हवं ते छापून आणण्यात तिची उमर गेलेली. तेच ती संशयितांवर वापरते. नको तिथे जाते, नको ते विचारते, आणि त्या दडपणाने लपलेला माणूस कधीतरी चुकतो. पोलीस खात्यातला तरुण बिल वाँग तिला वारंवार थांबवायला बघतो, पण तिचा पहिला खरा मित्रही तोच होतो. पाद्र्यांची पत्नी मिसेस ब्लॉक्सबी अगदी उलट स्वभावाची, शांत आणि समजूतदार. या दोघी समोरासमोर बसल्या की मी ते पान सावकाश वाचते. अगाथाचा एकटेपणा, वाढत्या वयाची धास्ती, कुणाला तरी आपण आवडावं ही धडपड, हे सगळं तिथे बाहेर येतं. एरवी भांडखोर वाटणारी ही बाई त्यामुळे जवळची होते.

कोडं म्हणून प्रत्येक पुस्तक पक्कं नाही. खुनी शेवटी अगाथाला एकटीला गाठून सगळं सांगून टाकतो, असं बऱ्याचदा घडतं. शेजारी जेम्स लेसीबरोबरचं तिचं प्रेमप्रकरणही नको तितकं ताणलंय. पाठोपाठ वाचलं की हे जास्त खटकतं, म्हणून मध्ये दुसरं काहीतरी वाचावं. मात्र निदान पाचव्या पुस्तकापर्यंत क्रम सोडू नये, नाहीतर जेम्सची भानगड नीट लागत नाही. पंधराव्या पुस्तकात, म्हणजे 2004 मध्ये, अगाथा स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. तिथून ती हौशी राहत नाही, हाताखाली माणसं येतात, आणि गावातल्या बायकांमधून बातमी काढण्याची मजा कमी होते. मला आधीची पुस्तकं कितीतरी जास्त आवडली. बीटन 2019 च्या डिसेंबरमध्ये गेल्या, त्यानंतर आर. डब्ल्यू. ग्रीन यांनी मालिका पुढे चालू ठेवली.

ऐकायची सवय असेल तर पेनेलोपी कीथ यांच्या आवाजातली ऑडिओबुकं जरूर ऐका, अगाथाचा तोरा त्यांना नेमका जमलाय. अ‍ॅशली जेन्सनची टीव्ही मालिका छान रंगीत आहे, पण पुस्तकातली अगाथा तिच्याहून थोराड आणि खडूस आहे, आणि मला तीच हवी असते.

पहिल्या पुस्तकानंतर सगळ्यात रंगलेलं पुस्तक मला चौथं वाटलं. शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर चालायचा हक्क मागणारा एक पायी भटकणाऱ्यांचा गट, जमीनमालकांशी त्यांचं भांडण, आणि त्यांच्या कडव्या म्होरकीचा शेतातच झालेला खून. त्या गटात शिरायला अगाथा आणि जेम्स नवरा-बायको असल्याचं सोंग घेतात. कंजूष सर चार्ल्स फ्रेथही पहिल्यांदा इथेच भेटतो.