१८९३ चा डॉलर: नाणं खरं, अक्षर खोटं

मागच्या वर्षी मी चांदीच्या एका जुन्या डॉलरसाठी २,६०० डॉलर मोजले आणि ते बुडाले. इथे न्यू जर्सीत आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांना जुन्या नाण्यांचा नाद लागलेला मी बघतो. काही अगदी नवखे आहेत. म्हणून झालं ते सगळं सांगतोय, माझ्या चुकांसकट.

नाणं मॉर्गन डॉलर जातीचं. जॉर्ज मॉर्गन नावाच्या कारागिराने घडवलेला हा डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडला गेला. पुढे स्वातंत्र्यदेवता लिबर्टीचा मुखडा, मागे पंख पसरलेला गरुड. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, नव्वद टक्के चांदी. मागच्या बाजूला पानांच्या माळेखाली, ‘डॉलर’ या शब्दाच्या वर, टांकसाळीचं बारीक अक्षर असतं: सॅन फ्रान्सिस्कोचं एस, न्यू ऑर्लिन्सचं ओ, कार्सन सिटीचं सीसी. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षरच नसतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, माझी सगळी फसवणूक त्याच रिकाम्या जागेत झाली.

मला हवा होता १८९३ चा एस. त्या वर्षाचं मला आधीपासून वेड आहे. जून १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जायचं आणि तिचे रुपये पाडून घ्यायचं. त्या महिन्यात सरकारने ही सोय बंद केली आणि जगभर चांदीचा भाव कोसळला. अमेरिकेत त्याच वर्षी मोठी मंदी आली, बँका बुडाल्या, आणि सरकारने दरमहा चांदी विकत घेण्याचा शर्मन कायदा नोव्हेंबरात रद्द झाला. सॅन फ्रान्सिस्कोत त्या वर्षी फक्त १,००,००० डॉलर पाडले गेले. चलनासाठी पाडलेल्या मॉर्गन डॉलरांत हा आकडा सगळ्यांत लहान.

दुसरा धागा घरचा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात रुपयांसाठी चांदी कमी पडली, तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकेने आपल्या तिजोरीतले २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांमार्फत हिंदुस्थानात आली. चिपळूणला आजीच्या बटव्यात १९१९ चा एक राजाछाप रुपया होता. त्यात मॉर्गन डॉलरची चांदी असेल, या कल्पनेने मी या छंदात ओढला गेलो. हे सांगायचं कारण एवढंच, की ज्या वस्तूत माणसाचा जीव अडकलेला असतो तिथेच त्याची नजर अधू होते.

संग्राहकांच्या एका खरेदी-विक्रीच्या गटात हे नाणं दिसलं. विकणाऱ्याने लिहिलं होतं, आजोबांच्या पेटीत सापडलं, मला यातलं फारसं कळत नाही, दवाखान्याचं बिल भरायचंय. भाव बाजाराच्या निम्म्याहून कमी. मी फोटो मागितले, त्याने लगेच चार पाठवले. झकास फोटो होते. पांढऱ्या कागदावर नाणं, चारही बाजूंनी सारखा उजेड, कुठे सावली नाही.

ते फोटो मी रात्रभर पाहिले. प्रत ठरवायला मी शिकलेलो होतो: एक ते सत्तरच्या मापावर नाणं कुठे बसतं, कानावरचे केस किती उरलेत, गरुडाच्या छातीवरची पिसं झिजलीत का. केसांच्या बटा बऱ्यापैकी सुट्या दिसत होत्या, छातीवर थोडी पिसं होती. मी स्वतःशी तीसची प्रत ठरवली. अक्षराकडे पाहिलं ते फक्त एस आहे ना, एवढ्यापुरतं. मागच्या बाजूच्या फोटोत नेमका तो भाग थोडा धूसर होता. मी त्याला जवळून एक फोटो काढून पाठवायला सांगितलं नाही. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, असं तो म्हणाला होता.

पैसे मी ओळखीच्या लोकांना पाठवायच्या सोयीने दिले. त्याच वाटेने दे म्हणजे कमिशन वाचेल, असं त्याने सुचवलं होतं. त्या सोयीत खरेदीचं संरक्षण नसतं हे मला ठाऊक होतं, तरी दिले.

नाणं आलं तेव्हा मी सगळ्या परीक्षा घेतल्या. वजन २६.४ ग्रॅम, म्हणजे झीज धरून अगदी बरोबर. व्यास बरोबर. लोहचुंबक लावला, ओढ नाही. मग बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हळूच वाजवलं. लहानपणी चिपळूणच्या पेठेतला सराफ दगडावर रुपया वाजवून घ्यायचा, तो नाद अजून कानात आहे. हेही तसंच खणखणीत वाजलं, बंदा रुपया. मी बायकोला उठवून ऐकवलं.

त्या परीक्षांनी मला खोटं सांगितलं नाही. चांदी खरी होती, वजन खरं होतं, नाणं अमेरिकन टांकसाळीतच पडलेलं होतं. मी विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. स्वस्त धातूत ओतलेले नकली डॉलर वजनात आणि आवाजात सापडतात. माझं नाणं फिलाडेल्फियाचं, १८९३ चं, साधं आणि खरं. त्याच्या रिकाम्या जागेवर कोणीतरी दुसऱ्या नाण्यावरचं एस कापून बसवलं होतं.

हे मला कळलं तीन आठवड्यांनी. गावात नाण्यांचा एक म्हातारा व्यापारी आहे, त्याला कौतुकाने दाखवायला गेलो. त्याने नाणं मागे उलटलंच नाही. पुढची बाजू भिंगाखाली धरली, अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाला, “हे तू कुणाकडून घेतलंस? पैसे परत मिळतील का?” मी म्हटलं, अक्षर मागे आहे, तुम्ही पुढे काय बघताय?

मग त्याने शिकवलं. १८९३ च्या एसची जेवढी अस्सल नाणी माहीत आहेत ती सगळी पुढच्या बाजूने एकाच ठशातून निघालेली. त्या ठशाच्या खुणा प्रत्येक नाण्यावर उतरल्या. लिबर्टीच्या केसांवरच्या पट्टीत तिचं नाव कोरलंय, त्यातल्या टी या अक्षराच्या माथ्यावर एक बारीक तिरकी उठावाची रेघ असते, झिजलेल्या नाण्यावरही ती बऱ्याचदा टिकते. त्याच नावातल्या आरच्या पायाशी ओरखड्यासारख्या बारीक खुणा असतात. आणि नाण्याच्या कडेला दातांसारखी जी रांग असते, तिच्या एका दाताच्या बरोब्बर डोक्यावर १८९३ मधला एकचा आकडा बसतो. माझ्या नाण्यावर टीचा माथा सपाट होता, आणि एकचा आकडा दोन दातांच्या मधल्या फटीवर होता. म्हणजे मागे काहीही लिहिलेलं असो, हे सॅन फ्रान्सिस्कोचं नव्हे.

त्यानंतर त्याने मागची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि नाणं आडवं कलतं करून एकच दिवा बाजूने सोडला. ठशातून आलेलं अक्षर जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं, भोवतीची जमीन आणि ते एकाच धातूचं. माझ्या एसच्या बुडाशी केसाएवढी काळी फट होती. भोवतालची जागा घासून गुळगुळीत केलेली, एका दिशेने गेलेल्या शेकडो बारीक रेघा. सगळीकडून येणाऱ्या सपाट उजेडात यातलं काहीही दिसत नाही. ज्या फोटोंना मी झकास म्हणत होतो, ते नेमके त्यासाठीच तसे काढले होते, असं मला आता वाटतं.

तरी खात्रीसाठी नाणं ग्रेडिंग कंपनीकडे पाठवलं, म्हणजे नाणी तपासून, प्रत ठरवून पेटीबंद करून देणाऱ्यांकडे. टांकसाळीचं अक्षर नंतर लावलेलं आहे, असा शेरा मारून ते प्लास्टिकच्या पेटीत न घालताच परत आलं. तपासणीची फी आणि टपालखर्च वर गेला.

विकणाऱ्याने माझ्या पहिल्या निरोपाला उत्तर दिलं, “तूच बदललं नसशील कशावरून?” त्यानंतर त्याचं खातं नाहीसं झालं. पैसे पाठवण्याच्या कंपनीने हात वर केले. पोलिसांत नोंद केली, आणि नाणं टपालाने आलं होतं म्हणून पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे, म्हणजे टपाल खात्याच्या तपास शाखेकडेही तक्रार दिली. हे लिहीपर्यंत एक पैसा परत आलेला नाही.

आता मी फोटो मागतो तेव्हा एकच गोष्ट हट्टाने मागतो: एका दिव्याखाली नाणं सावकाश कलतं करत काढलेला छोटा व्हिडिओ, आणि तारीख व टांकसाळीचं अक्षर यांचे तिरक्या उजेडातले जवळचे फोटो. न झिजलेल्या, न घासलेल्या डॉलरवर उजेडाची आरी चाकासारखी फिरते. पॉलिश केलेल्यावर नुसती मेलेली चमक असते आणि ती जागची हलत नाही. स्वतः काढायचे तर फोन पुस्तकांच्या चळतीवर स्थिर ठेवा, फ्लॅश बंद करा, दिवा घड्याळातल्या दहाच्या जागी धरा, मग दोनच्या. एवढ्याने काम होतं. ज्याला व्हिडिओ पाठवायचा नसतो तो कारणं सांगतो, आणि त्या कारणांत पुष्कळदा दवाखाना असतो. पेटीबंद नाणं असेल तर पेटीवरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून तिथल्या फोटोशी नाणं ओरखड्यानिशी ताडून पाहा. खोट्या पेट्यांवर खरे क्रमांक छापलेले असतात, त्यामुळे नुसता क्रमांक सापडणं पुरेसं नाही. कार्सन सिटीच्या १८८९ च्या डॉलरबाबत तर जास्तच जपा, कारण त्या वर्षी फिलाडेल्फियाने दोन कोटींवर बिनअक्षरी डॉलर पाडलेत, म्हणजे खोटं सीसी चिकटवायला रिकाम्या जागा हव्या तितक्या.

एका मित्राने सुचवलं, तूही पुढे विकून टाक, निदान निम्मे सुटतील. फसवण्यासाठी बदललेलं नाणं जाणूनबुजून विकणं इथे गुन्हा आहे, पण तो नसता तरी माझा हात धजला नसता. माझ्यासारखाच कोणीतरी रात्रभर ते फोटो पाहत बसला असता.

नाणं घरीच आहे, आजीच्या रुपयाशेजारी. मी गेल्यावर मुलीने ते खरं समजून कुणाला देऊ नये, म्हणून पाकिटावर मराठीत आणि इंग्रजीत शाईने लिहून ठेवलंय: १८९३, फिलाडेल्फिया, एस नंतर लावलेला.