फ्लॅटपिकर: कापसाच्या काट्यावर एक हंगाम

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या कापूस खरेदी केंद्रावर काटापावतीचं वेबपान मी बनवलंय. सुरुवातीला तारखेचा रकाना ब्राउझरचा साधाच होता. ऑफिसच्या संगणकाची भाषा अमेरिकन इंग्रजी, म्हणून महिना आधी यायचा. मुनीमजींनी ०५/११ टाकलं की ५ नोव्हेंबरची गाडी ११ मे म्हणून चढायची. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन माल यायला लागला, तेव्हा मी फ्लॅटपिकर बसवलं, म्हणजे वेबपानात तारीख निवडायला कॅलेंडर दाखवणारा तयार कोड.

बसवायला अर्धा तासही लागला नाही. एक जेएस फाइल कामाची, एक सीएसएस दिसण्याची, आणि जेक्वेरी या वेगळ्या कोडसंचाची गरज नाही. दोन्ही फाइली आमच्याच संगणकावर ठेवल्या, कारण पान तिथंच चालतं आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही. महिन्यांची आणि वारांची मराठी नावं स्वतः लिहून दिली. ऑल्टइनपुट, म्हणजे दाखवायची तारीख वेगळी ठेवायची सोय, लावल्यावर मुनीमजींना '५ नोव्हेंबर' दिसतं आणि डेटाबेसला वर्ष-महिना-दिवस जातं. हे मला सगळ्यात आवडलं.

पहिल्याच आठवड्यात मात्र एक शेतकरी पावती घेऊन परत आले. "भाऊ, कापूस आठ तारखेले मोजला, पावतीवर सात काऊन?" भाव रोज बदलतो, त्यामुळे चुकारा आदल्या दिवसाच्या भावानं निघाला होता. चूक माझ्या कोडची होती. फ्लॅटपिकर निवडलेल्या दिवसाची आपल्याकडची मध्यरात्र देतं. तिला मी टूआयएसओस्ट्रिंग लावलं होतं. ते वेळ यूटीसी या जागतिक वेळेत लिहितं, म्हणजे साडेपाच तास मागे, आदल्या दिवशीची संध्याकाळ. तारीख निवडली की चालणारं ऑनचेंज हे फंक्शन आपल्या दुसऱ्या पॅरामीटरमध्ये तयार लिहिलेली तारीख देतंच, तीच वापरायची. तीन दिवसांच्या पावत्या पुन्हा काढल्या आणि फरकाचे पैसे ज्याचे त्याला पोचवले.

पुढची तारीख निवडता येऊ नये म्हणून मॅक्सडेट (शेवटची चालणारी तारीख) 'टुडे' ठेवलीत तर हेही बघा. ती 'आज' पान उघडतानाच ठरते. हंगामात आमचं पान रात्रभर उघडं असतं. सकाळी पहिली बैलबंडी काट्यावर चढली की आजचीच तारीख फिकट आणि दाबली जात नाही. आता कॅलेंडर उघडताना चालणाऱ्या ऑनओपनमध्ये ती दर वेळी नव्यानं देतो.

मोबाइलवर फ्लॅटपिकर आपणहून बाजूला होतं आणि फोनचाच तारखेचा रकाना उघडतं. डिसेबलमोबाइल या सेटिंगनं ते बंद करता येतं, पण मी केलं नाही. दिवसभर वेचणी करून आलेल्या बोटांना कॅलेंडरच्या त्या बारीक चौकटी सापडत नाहीत, फोनचा रकाना सापडतो.