शांघायचा बबल की स्टॉकहोमची वाट?
२०२० मध्ये कोरोनाने ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओ गेमिंगच्या, दोन बड्या स्पर्धांना एकच पेच टाकला: खेळवायची की पुढे ढकलायची?

लीग ऑफ लेजंड्स या गेमवाल्यांनी विश्वचषक खेळवलाच. अनेक शहरांत फिरण्याचा बेत रद्द करून सगळं शांघायमध्ये आणलं, संघांना आधी क्वारंटाइन केलं आणि मग बाहेरच्यांपासून तोडलेल्या 'बबल'मध्ये ठेवलं. फायनलपर्यंतचे सामने रिकाम्या स्टुडिओत, भोवती एलईडी पडद्यांवरचं आभासी जग. दिसायला झकास, पण टाळी वाजवायला कुत्रं नाही! ३१ ऑक्टोबरच्या फायनलला मात्र शांघायच्याच पुडोंग भागातल्या नव्या स्टेडियममध्ये सहा हजारांवर प्रेक्षक होते. कोरियाच्या दामवोन संघाने चीनच्या सुनिंगला ३-१ हरवलं. किंमतही मोजली: प्रवासबंदीमुळे व्हिएतनामचे संघ येऊच शकले नाहीत.

डोटा २ या गेमची सर्वांत मोठी स्पर्धा 'द इंटरनॅशनल' ऑगस्टमध्ये स्टॉकहोमला होती, ती लांबणीवर पडली. बक्षिसाचा गल्ला मात्र चाहत्यांच्या बॅटल पास (गेममधला विकत घ्यायचा पास, ज्याच्या विक्रीचा काही भाग बक्षिसात जातो) खरेदीतून भरतच राहिला आणि चार कोटी डॉलरपार गेला. पुढे स्वीडनमधलं यजमानपद बारगळलं आणि स्पर्धा ऑक्टोबर २०२१ मध्ये बुखारेस्टला झाली, तीही प्रेक्षकांविना.

मला शांघायचा मार्ग पटतो. खेळाडूची उमेदीची वर्षं मोजकीच. त्यातलं एक थांबण्यात गेलं, तर गल्ला कितीही फुगो, तो पदरात पडतो एकाच फायनलनंतर, आणि त्यातही मोठा वाटा विजेत्यांचा.