चिखलदऱ्याची घळ आणि तिथले वाटाडे: दोन फेऱ्यांचा अनुभव

चिखलदऱ्याला येणारे बहुतेक पर्यटक भीमकुंड, पंचबोल आणि गाविलगड पाहून सायंकाळी परतवाड्याला उतरतात. सुमारे १११८ मीटर उंचीच्या या पठाराच्या कडा नाल्यांनी खोल कोरून काढलेल्या आहेत. तशाच एका घळीत उतरायचे असेल, तर स्थानिक कोरकू तरुणांचा एक छोटा गट माणशी ६०० रुपयांत अर्ध्या दिवसाची पायी सफर घडवतो, आणि दोर, हेल्मेट व न्याहारी त्यातच येते. आम्ही चौघे, त्यांतले तिघे पन्नाशी ओलांडलेले, अमरावतीहून दोनदा गेलो; एकदा सप्टेंबरच्या अखेरीस आणि पुन्हा डिसेंबरात. पहिल्या वेळी अर्ध्या वाटेवरूनच परतावे लागले, आणि या सेवेविषयी माझे मत चांगले झाले ते त्या अर्धवट फेरीमुळेच.

त्या दिवशी ऊन स्वच्छ पडले होते. पहिल्या डोहाशी न्याहारीला बसताना पुढच्या वाटाड्याने पाण्याच्या अगदी काठावर एक पांढरा खडा ठेवलेला मी पाहिला होता, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता. आमची भाकर संपेपर्यंत तो खडा निम्मा बुडाला. मागोमाग सागाची वाळकी पाने आणि काडीकचरा वाहत आला, पाण्याला चहाचा रंग चढला, आणि तो उठून एवढेच म्हणाला, "काकाजी, पानी गढूळ झालं. मांगं चला." आमच्यातल्या एकाने आभाळाकडे बोट दाखवून वाद घालून पाहिला, परंतु वाटाड्याने त्याला उत्तर देण्याऐवजी सर्वांच्या पाठपिशव्या उचलायला सुरुवात केली. पाऊस वर पठारावर, आपल्याला दिसणारही नाही इतक्या दूर पडतो, कातळ ते पाणी मुरू देत नाही, आणि सगळ्या उतारांचे पाणी या चिंचोळ्या घळीत एकत्र येते, हे त्याने वरच्या कपारीत सुखरूप पोहोचल्यावर समजावून सांगितले. ज्या धोंड्यांवर पाय देत आम्ही नाला ओलांडला होता, ते अर्ध्या तासात दिसेनासे झाले. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले तरी माणसाला उभे राहू देत नाही, हे वाचलेले होते. ते तिथे बसून डोळ्यांनी पाहिले.

पैसे मात्र निम्मेच परत मिळाले. वाटाड्यांचा दिवस गेलेला असतो, त्यामुळे त्यात मला अन्याय वाटत नाही. पण हा नियम आगाऊ रक्कम घेतानाच सांगायला हवा होता, परतीच्या वाटेवर नव्हे.

डिसेंबरात पूर्ण घळ पाहता आली. दोन्ही बाजूंना काळ्या बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले आहेत आणि काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी मातीचा पट्टा दिसतो. ही माती ठिसूळ असल्याने ती झिजत जाते आणि वरचा कातळ छज्जासारखा अधांतरी राहतो. सावली म्हणून नेमके तिथेच बसावेसे वाटते, आणि वाटाडे नेमके तिथेच बसू देत नाहीत. पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या खडकांत रांजणासारखे खळगे पडले आहेत. फोटोसाठी त्यांच्या काठावर जाण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु त्या काठावरचे वाळलेले शेवाळ राखाडी दगडासारखेच दिसते आणि थोडे ओले झाले की पाय धरत नाही. उतरणीवर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत, चौथाच हलवायचा, हा धडा त्यांनी सुरुवातीला सपाट जागेवर आमच्याकडून करून घेतला. सुट्या दगडांच्या टप्प्यावर दोघांत अंतर ठेवायला लावले, म्हणजे वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येणार नाही. कड्यावर आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असल्याने अत्तर, विडी आणि आरडाओरडा या तिन्हींना तिथे मनाई होती; त्या टप्प्यापलीकडे मात्र प्रत्येक वळणाआधी वाटाडे मुद्दाम मोठ्याने बोलत, कारण अस्वल अचानक समोरासमोर आले तरच जास्त बिथरते.

आता उणिवा. हेल्मेट सर्वांना एकाच मापाची मिळाली आणि माझ्या हेल्मेटचा पट्टा सुतळीने बांधलेला होता. ज्यांचा दोर इतका चांगला निगा राखलेला आहे, त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. प्रथमोपचाराच्या डब्यात मलम आणि कापूस होता, पण मुरगळलेल्या पायाला बांधायची लवचीक पट्टी नव्हती, आणि अशा वाटेवर पाय मुरगळण्याचीच शक्यता सर्वांत अधिक असते. त्याहून गंभीर बाब म्हणजे ठरलेली सातची वेळ टळून निघायला आठ वाजून गेले. हिवाळ्यात घळीत ऊन उशिरा उतरते आणि लवकर निघून जाते, त्यामुळे एक तासाचा उशीर परतीच्या चढणीवर सावली आणि घाई होऊन वसूल होतो. आमची शेवटची चढण अशीच झाली.

जाणाऱ्यांनी ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ निवडावा. मार्चनंतर हे खडक भट्टीसारखे तापतात आणि डोह आटतात. नवे कोरे बूट घालू नयेत, सोल खोल खाचांचा असावा. गवतातल्या सूक्ष्म किड्यांमुळे स्क्रब टायफसचा ताप येतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मोज्यांत खोचलेली पायघोळ पँट हवी, आणि परतल्यावर दहा-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचे आवर्जून सांगावे. आत मोबाइलला रेंज नसते, म्हणून परतीची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी कुणाला तरी सांगून निघावे. पाणी माणशी तीन लिटर, शिट्टी आणि विजेरी आपली आपण न्यावी. लवचीक पट्टीही न्यावी; आम्ही आमची त्यांच्या डब्यातच ठेवून आलो.